आधी ईश्वरकार्य : सांता क्लाराच्या डोंगरातील शांति-आश्रम

स्वतःचे काज बाजूस सारून आधी देवाचे काज करावे, ही शिकवण मराठी मनास नवी नाही. मुलाचे लग्न दारी असता तानाजीने कोंढाण्याची कामगिरी आधी पत्करली, ही १६७० सालची कथा मराठी मुलाच्या कानांवर बाळपणीच पडते. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर घोर दुष्काळ कोसळला. त्यात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला व घरची माणसे अन्नावाचून गेली. परंतु अशा वेळी या वाण्याने गावातील पडके विठ्ठलमंदिर नीट केले आणि कुळांकडून येणे असलेल्या रकमांपैकी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली, असे परंपरा सांगते. स्वतःचे पोट रिकामे असता दुसऱ्याचे ऋण बुडविणे व्यवहारी मनुष्यास वेडेपणाचे वाटेल. भक्तिमार्गात मात्र कसोटीचा प्रसंग तोच मानिला गेला आहे. कारण सुबत्तेत देवाचे नाव घेण्यास फारसे काही द्यावे लागत नाही.

असाच एक प्रसंग इंद्रायणीपासून सहस्रावधी कोस दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या सांता क्लारा जिल्ह्यात, १९०० साली घडला. तो फारसा गाजला नाही. त्यात राज्ये उलथली नाहीत व तलवारी चालल्या नाहीत. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी परदेशच्या अनोळखी भूमीवर रिकाम्या हातांनी पाऊल ठेविले, त्या शर्तबंद मजुरांच्या वंशजांना या प्रसंगात आपल्या घरच्या इतिहासाची काही खूण पटल्यावाचून राहणार नाही.

प्रथम त्या भूमीचा परिचय करून घेणे उचित होईल. सांता क्लारा हे नाव इटलीतील असिसी नगरीच्या साध्वी क्लारेचे. तिचा काळ ११९४ ते १२५३ हा होय. श्रीमंत घराण्यात जन्मलेल्या या कन्येने संत फ्रान्सिसचा उपदेश ऐकून घरदार सोडिले आणि अकिंचन वृत्तीने जन्म घालविला. तिच्या नावे स्पॅनिश पाद्र्यांनी १२ जानेवारी १७७७ रोजी येथे मठ स्थापिला व त्यावरून या प्रदेशास हे नाव मिळाले. येथपर्यंतची कथा मंगल आहे. पुढील कथा तितकी मंगल नाही. या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या ओलोनी लोकांस बाप्तिस्मा देऊन मठाच्या शेतांवर कामास लाविले जाई. एकदा दीक्षा दिल्यावर परवानगीवाचून मठ सोडून जाण्याची त्यांस मोकळीक नसे, आणि पळून गेलेल्यांस शिपाई पाठवून परत आणीत. रोगराई व श्रम यांनी त्यांची संख्या भराभर घटली. सर्वस्वाचा त्याग करणाऱ्या साध्वीच्या नावाने दुसऱ्यांचे सर्वस्व घेतले जावे, हा इतिहासाचा विपर्यास होय.

शर्तबंदीच्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकास हा विपर्यास ओळखीचा वाटेल. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले आणि गुलामगिरीच्या जागी शर्तबंदीचे पर्व सुरू झाले. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे निघू लागली. रत्नागिरी व त्याच्या आसपासच्या मुलुखांतील मराठी कुणबी-कष्टकरी पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून त्या बेटावर गेले. सुरुवातीचा पगार महिना पाच रुपये व शिधा. आणि एक दिवस कामास खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी कपात’. कोकणातील घरांत ज्या पांढऱ्या साखरेस ‘मोरस’ म्हणत, ती या बेटावरून येई. सणासुदीच्या पक्वान्नात ती साखर घालणाऱ्यांना तिच्यामागील घाम दिसत नसे.

अशा जीवनात मजुरास ‘हीच देवाची इच्छा’ असे सांगणारे पुष्कळ भेटत. कधी मालक सांगे, कधी मालकाचा मुकादम सांगे, तर कधी दुःखाने थकलेले स्वतःचे मनही तेच सांगे. म्हणून ईश्वरकार्यापुढे स्वतःस मागे ठेवावे, हे वचन शर्तबंद मजुरांच्या वंशजांपुढे उच्चारताना सावध राहिले पाहिजे. देवाची इच्छा कोणती आणि देवाच्या नावाआडून बोलणारी माणसाची इच्छा कोणती, हा भेद केल्यावाचून त्या वचनास अर्थ उरत नाही. सांता क्लाराच्या डोंगरातील प्रसंग या भेदावर चांगला प्रकाश पाडतो.

त्या प्रसंगाचे नायक स्वामी तुरीयानंद हे होत. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव हरिनाथ चट्टोपाध्याय. जन्म कलकत्त्यास ३ जानेवारी १८६३ रोजी. बालपणापासून त्यांचा ओढा स्नानसंध्या, उपवास व शांकरभाष्याचे अध्ययन यांकडे होता. श्रीरामकृष्ण परमहंसांचा सहवास घडल्यावर त्यांची ज्ञाननिष्ठा भक्तीने ओली झाली. संन्यास घेतल्यावर हिमालयात व तीर्थांच्या ठिकाणी माधुकरी मागून एकांतात राहावे, यापलीकडे त्यांस काही नको होते. सभा, व्याख्याने आणि परदेशगमन यांची त्यांस मुळीच हौस नव्हती.

त्यांचे गुरुबंधू स्वामी विवेकानंद यांचे नाव मराठी वाचकास सांगावयास नको. १८९२ साली अज्ञात परिव्राजक म्हणून पुण्यास आले असता ते लोकमान्य टिळकांच्या घरी काही दिवस राहिले होते. तेथून पुढे कोल्हापूर-बेळगाव करीत ते दक्षिणेस गेले, आणि ३१ मे १८९३ रोजी मुंबई बंदरातूनच अमेरिकेस निघाले. १८९९ साली दुसऱ्यांदा पश्चिमेकडे जाताना त्यांनी तुरीयानंदांस बरोबर येण्याचा आग्रह केला. तुरीयानंद राजी होईनात. तेव्हा विवेकानंदांनी आपण या कार्यात तिळतिळ झिजत असल्याचे सांगून गुरुबंधूच्या गळ्यात हात टाकिले, असा वृत्तांत आहे. वादाने जे झाले नसते ते त्या प्रेमाने झाले. एकांताची आवड हीदेखील एक आवडच. ती कितीही सात्त्विक असली तरी कार्य हाक मारील तेव्हा तीही सोडावी लागते, हे तुरीयानंदांनी जाणले. जून १८९९ मध्ये ते कलकत्त्याहून जहाजावर चढले.

पुढील वर्षी विवेकानंद कॅलिफोर्नियात व्याख्याने देत असता मिनी बूक नावाच्या एका श्रोत्या बाईने आपली १६० एकर जमीन आश्रमासाठी देऊ केली. ती सांता क्लारा जिल्ह्यातील सान अँटोन खोऱ्यात, मौंट हॅमिल्टन पर्वताच्या पलीकडे होती. अमेरिकेत सरकारातून वसाहतवाल्यास मिळणारा प्रमाणभूत तुकडा एवढाच असे. विवेकानंदांनी ही कामगिरी तुरीयानंदांवर सोपविली. ध्वज तुम्ही उभारा, तेथे वेदान्त जगून दाखवा, आणि बाकीचे जगन्माता पाहून घेईल, अशा आशयाचा त्यांचा निरोप होता. मायदेशाची आठवणदेखील मनातून काढून टाकण्यास त्यांनी सांगितले. वृत्तीने एकांतप्रिय असलेल्या या संन्याशास ही आज्ञा किती कठीण वाटली असेल, याची कल्पना ज्यांच्या पूर्वजांनी बंदर सोडताना किनारा दिसेनासा होईपर्यंत मागे पाहिले त्यांस सहज येईल.

त्या काळचे सांता क्लाराचे खोरे फळबागांनी भरलेले होते. प्रून व जर्दाळूच्या झाडांस वसंतात बहर आला म्हणजे मैलोगणती भूमी पांढरी दिसे. आज तेथे बागांच्या जागी संगणकाचे कारखाने व कचेऱ्या उभ्या आहेत आणि जग त्या प्रदेशास सिलिकॉन व्हॅली म्हणते. परंतु पूर्वेकडील डोंगर तेव्हाही ओसाड होते. मौंट हॅमिल्टनच्या चार हजार फुटांहून उंच माथ्यावर १८८८ पासून लिक वेधशाळेची मोठी दुर्बीण उभी होती. घाटाचा रस्ता तेथवर बरा होता. पुढे मात्र कच्ची वाट.

१९०० सालच्या ऑगस्टच्या आरंभी सुमारे डझनभर शिष्यांना घेऊन तुरीयानंद तिकडे निघाले. मंडळींत स्त्रियांचा भरणा होता. रेल्वेने सॅन होजेपर्यंत, तेथून घोड्यांच्या टपाली गाडीने पर्वतमाथ्यापर्यंत, आणि पुढे शेतकी खटाऱ्यातून, असा तो प्रवास होता. ऑगस्ट म्हटला की कोकणात व बंगालात पावसाची झड लागलेली असते, ओढेनाले दुथडी भरून वाहतात. कॅलिफोर्नियाचे ऋतुमान याच्या उलट. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. वैशाखापासून आश्विनापर्यंत आकाशातून थेंब गळत नाही व डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडते. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये विजा पडून याच डोंगरांत व शेजारच्या जिल्ह्यांत जो वणवा पेटला, त्यात सुमारे चार लक्ष एकर भूमी जळाली. यावरून त्या ऋतूतील शुष्कतेची कल्पना करावी.

मंडळी मुक्कामास पोहोचली तेव्हा तेथे ओंडक्यांची एक जुनी खोपटी व एक पडवी यांखेरीज काही नव्हते. इतक्या माणसांस निवारा नव्हता. पाणी दुरून आणावे लागणार होते. बाजार व आगगाडीचे स्थानक मागे कित्येक मैलांवर राहिले होते. शहरात वाढलेल्या, उन्हाने व धुळीने थकलेल्या त्या स्त्रीपुरुषांकडे पाहून तुरीयानंदांचा धीर खचला. हिमालयात भिक्षान्नावर राहिलेला हा संन्यासी स्वतःच्या हालांना भिणारा नव्हता. त्याला भय वाटले ते आपल्या शब्दावर विसंबून आलेल्या दुसऱ्यांचे. हे काय मांडिले आहेस, ही माणसे येथे जगणार कशी, अशा अर्थाचे गाऱ्हाणे त्यांनी उघडपणे जगन्मातेपुढे घातले.

ते शब्द अॅग्नेस स्टॅन्ली या शिष्येच्या कानी पडले. तिने गुरूचे सांत्वन केले नाही, त्याला हटकले. आपण निराश का होता, मातेवरचा विश्वास गेला की काय, असा तिचा प्रश्न होता. एवढे बोलून ती थांबली नाही. आपल्याजवळची पैशांची पिशवी तिने त्यांच्या पुढ्यात रिकामी केली. तुरीयानंद तत्काळ सावरले. तिचे म्हणणे खरे असल्याचे त्यांनी मान्य केले आणि त्या दिवसापासून तिचे नाव ‘श्रद्धा’ ठेविले.

या लहानशा घटनेत अनेक गोष्टी एकत्र आल्या आहेत. गुरूने शिष्येचा बोल मानला. आपला अधिकार सांभाळीत बसणे त्यास सुचले नाही. शिष्येने उपदेशाबरोबर स्वतःची गाठही सोडिली. शब्द आणि पिशवी ही दोन्ही एकाच वेळी मोकळी झाली म्हणून तो शब्द खरा ठरला. देवाच्या इच्छेची जी कसोटी वर शोधावयाची म्हटले, ती येथे हाती लागते. जो मनुष्य देवाचे नाव घेऊन भार स्वतःच्या खांद्यावर घेतो, त्याच्या तोंडी ते नाव शोभते. जो देवाचे नाव घेऊन भार दुसऱ्याच्या पाठीवर ठेवतो, तो देवाचे कार्य करीत नसून आपले करवून घेत असतो. मठाच्या शेतावर ओलोनी मनुष्यास डांबणारा आणि उसाच्या मळ्यात दुहेरी कपात करणारा या दुसऱ्या वर्गात पडतो. पहिल्या रात्री तुरीयानंद व्याकूळ झाले ते याच भयाने की, आपल्या कार्याची किंमत इतरांकडून तर वसूल होत नाही ना. ती व्याकुळता श्रद्धेच्या अभावातून आली नव्हती. ती जबाबदारीची जाणीव होती. श्रद्धा बाईंनी त्या किमतीतील आपला वाटा आपण होऊन उचलला, तेव्हा ते भय निमाले.

पुढील दिवसांत मंडळींनी तंबू ठोकले, ध्यानासाठी खोली उभारली, विहीर खणली. कामे वाटून घेतली. पहाटे पाचच्या सुमारास अंधारात स्वामींचे स्तोत्रपठण ऐकू येई व सर्वजण ध्यानास जमत. दिवसातून तीनदा ध्यान, मध्ये गीतेचा वर्ग, स्वयंपाक, सरपण, पाणी, झाडलोट हा क्रम असे. आसपास विषारी साप व विंचू यांचा सुळसुळाट होता. दिवसा ऊन व रात्री थंडी. आश्रमास नियम घालून द्यावेत असे कोणी सुचविले तेव्हा स्वामींनी ते मानले नाही. सर्व काही आपोआप सुरळीत चालले असता नियमांचे ओझे कशास, मातेचे नियम तिच्याजवळ आहेत, असा त्यांचा अभिप्राय गुरुदास नावाच्या शिष्याने लिहून ठेविला आहे. हे गुरुदास मूळचे हॉलंडचे. पुढे स्वामी अतुलानंद म्हणून भारतात राहिले व १९६६ साली मसुरीजवळ निवर्तले. विवेकानंदांची सान फ्रान्सिस्को येथील व्याख्याने लघुलिपीत टिपून घेणाऱ्या आयडा अॅन्सेल याही त्या पहिल्या मंडळींत होत्या. त्यांच्या आठवणींमुळेच या आश्रमाचा वृत्तांत टिकून राहिला.

आश्रमाचे बाह्य यश मोजू जाता ते थोडेच भरेल. तेथे मोठी वसाहत झाली नाही. डझनभर माणसे आली, काही गेली, काही नवी आली. स्वामींची प्रकृती मात्र या कष्टांत ढासळली. १९०२ च्या जूनमध्ये विवेकानंदांस भेटण्याच्या ओढीने ते अमेरिकेहून निघाले. जहाज रंगूनला पोहोचले तेव्हा ४ जुलै रोजी विवेकानंदांनी देह ठेविल्याची वार्ता त्यांस कळली. ज्याच्या प्रेमाखातर ते सातासमुद्रांपलीकडे गेले, त्याचे अखेरचे दर्शनही त्यांस घडले नाही. कार्य आधी ठेवणाऱ्यास त्याची भरपाई मिळतेच असे नाही, हे येथे स्पष्ट होते. परतल्यावर त्यांनी पुन्हा तपश्चर्येचा मार्ग धरिला. मधुमेहादी विकारांनी शरीर जर्जर झाले असताही मन शांत ठेविले, आणि २१ जुलै १९२२ रोजी काशीस ते समाधिस्थ झाले.

त्यांच्यामागून १९०३ च्या जानेवारीत स्वामी त्रिगुणातीतानंद सान फ्रान्सिस्कोस आले. ते दरवर्षी शिष्यांना घेऊन काही काळ शांति-आश्रमात राहत. त्यांनी सान फ्रान्सिस्कोत बांधलेले हिंदू मंदिर १९०६ च्या जानेवारीत समर्पित झाले, आणि त्याच वर्षी १८ एप्रिलच्या भूकंपात व आगीत शहराचा मोठा भाग नष्ट झाला असता ते उभे राहिले. २७ डिसेंबर १९१४ रोजी चित्त ढळलेल्या एका पूर्वीच्या शिष्याने त्यांच्यावर बाँब टाकिला. जखमी अवस्थेतही त्यांनी त्या अभागी तरुणाची काळजी वाहिली, असे चरित्रकार नमूद करितात. १० जानेवारी १९१५ रोजी त्यांचा अंत झाला.

संन्याशांची ही कथा शर्तबंद मजुरांच्या कथेशी सर्वस्वी जुळत नाही, हे मान्य केले पाहिजे. संन्याशाने घर आपणहून सोडिले. मजुरास ते दारिद्र्याने व दलालाच्या थापांनी सोडावे लागले. संन्याशास परतीचे जहाज खुले होते. मजुराच्या पायात कराराची बेडी होती. एकाचा त्याग, दुसऱ्याची हानी. या दोहोंस एकाच नावाने संबोधिणे मजुरावर अन्याय करणे होईल.

परंतु ज्या क्षणी त्या मजुराने हातातल्या थोडक्यातून काही देवासाठी व समाजासाठी बाजूस काढिले, त्या क्षणी तोही श्रद्धा बाईंच्या पंक्तीस बसला. त्याची मजुरी सक्तीची होती. हे दान मात्र सक्तीचे नव्हते. मॉरिशसमधील हेन्रिएता गावी १८९६ साली गणेशचतुर्थीचा उत्सव प्रथम झाला, अशी तेथील मराठी समाजाची परंपरा आहे. म्हणजे लोकमान्यांनी पुण्यात उत्सवास सार्वजनिक रूप दिल्यावर अवघ्या तीन वर्षांनी. कोकणातून नेलेली जाखडी त्या बेटावर जिवंत राहिली. दिवसभर उसात राबलेल्या शरीरास रात्री विसावा हवा होता. तो विसावा बाजूस ठेवून कोणी माती मळून मूर्ती घडविली, कोणी मुलांस आरती शिकविली, कोणी देवळासाठी पै-पैसा साठविला. मालकाने जे घेतले त्याचा हिशेब मळ्याच्या वह्यांत लिहिलेला आहे. या माणसांनी जे दिले त्याचा हिशेब कोठेही लिहिलेला नाही. तो त्यांच्या वंशजांच्या भाषेत, देवघरात व उत्सवात पाहावा लागतो.

शर्तबंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच बंद पडली. तिचे वंशज आज फिजीहून, मॉरिशसहून व अन्य बेटांवरून पुन्हा समुद्र ओलांडून निरनिराळ्या देशांत गेले आहेत. कॅलिफोर्नियातही त्यांची घरे आहेत. त्यांच्यापुढील अडचणी आज निराळ्या आहेत. वेळ अपुरा पडतो, मुले भाषा विसरतात, संस्थेच्या कामास माणसे मिळत नाहीत. प्रत्येकजण थोडे स्थिरस्थावर झाल्यावर काही करू म्हणतो, आणि ते स्थैर्य पुढे पुढेच सरकत राहते. सान अँटोनच्या खोऱ्यात आलेल्या मंडळींनी आधी घरे बांधून मग ध्यानास बसण्याचे ठरविले असते तर शांति-आश्रम झालाच नसता. हेन्रिएताच्या मजुरांनी करार संपून सुखाचे दिवस येईपर्यंत गणपती बसविण्याचे लांबणीवर टाकिले असते तर पुढच्या पिढ्यांपर्यंत काय पोहोचले असते, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्याशी विचारण्याजोगा आहे.

श्रद्धा बाईंच्या पिशवीत त्या रात्री किती पैसे होते, याला महत्त्व नाही. त्यांनी ती पूर्ण रिकामी केली, आणि ती आपली स्वतःची केली, दुसऱ्याची नव्हे. ईश्वरकार्य ओळखण्यास तेवढी खूण पुरेशी आहे.